राजाबाईंचा विलायती स्पंज

देवासात तेव्हा गाद्या दोन, राजे दोन, कचेऱ्या दोन. बातम्या वाटणाऱ्या बायका मात्र दोन्हीकडे त्याच. पुढे संस्थानं विलीन झाली, कचेऱ्यांवरचे फलक उतरले, पण हे खातं काही कोणाला विलीन करता आलं नाही. अशा गावात राजाबाईंनी एक गोष्ट चार वर्षं पोटात ठेवली, म्हणजे बाई काय दमाची असेल बघा. ज्यांच्यापासून ती लपवायची होती ती माणसं आता राहिली नाहीत, तेव्हा सांगायला हरकत नाही.

राजाबाई म्हणजे मानाजीरावांच्या पत्नी. मानाजीराव धाकट्या पातीच्या, म्हणजे धाकट्या गादीच्या, खासगी खात्यात होते, विलीनीकरणानंतर तहसील कचेरीत नाझर झाले. पगडी जाऊन टोपी आली, पण गोषा जागचा हलला नाही. घरच्या बायका टांग्यातून निघाल्या की टांग्याला चारी बाजूंनी चादर. आत बसलेल्या बाईला गाव दिसायचं नाही, आणि गावाला मात्र नुसत्या चादरीवरून कळायचं की कोणाची सून कुठे चालली.

चौपन्न सालच्या श्रावणात राजाबाईंच्या डाव्या छातीत गाठ आली. आधी लिंबाएवढी होती, दिवाळीपर्यंत कवठाएवढी झाली. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. धाकटी जाऊ सुभद्रा, हिच्या डोळ्यांतून मुंगी सुटत नसे, तिनंच एक दिवस विचारलं की जाऊबाई, चोळीची गाठ हल्ली बसत का नाही? मग इंदूर झालं. तिथल्या डॉक्टरनं आतलं सगळं काढून टाकलं, वरची कातडी तेवढी राखून शिवली, आणि कागदावर लिहून दिलं की गाठ साधी होती, वाईट रोगाची नव्हती. मानाजीरावांनी तो कागद सनदेसारखा ट्रंकेत घातला.

पण इंग्रजी कागद वाचणार कोण, आणि वाचून विश्वास ठेवणार कोण? गावात बाईच्या छातीतल्या प्रत्येक गाठीला एकच नाव होतं, आणि तो रोग आईकडून लेकीकडे उतरतो, यावर थोरली पाती आणि धाकटी पाती यांचं प्रथमच एकमत होतं. राजाबाईंची लेक मालन तेव्हा पंधरा वर्षांची. म्हणून बाहेर सांगितलं, पोटात गोळा होता, औषधानं गेला.

सुभद्रेनं मलमलीची पिशवी शिवली, आत पिंजलेला कापूस भरला. राजाबाई ती चोळीत घालून वावरत. हिवाळ्यात ठीक होतं. उन्हाळ्यात घामानं कापसाचा लाडू व्हायचा, आणि वाकून उठलं की पिशवी सरकायची. सुभद्रा स्वैपाकघरातून हळूच म्हणायची, "जाऊबाई, तुमचं डावं प्यादं वजीर व्हायला निघालंय." राजाबाई हसत नसत. पदर ओढून आत जात आणि पिशवी नीट करून येत. दिवसातून वीस वेळा. झोपेत पण हात तिथे जाई.

छप्पन साली मालनला अमझेऱ्याचं स्थळ आलं. पत्रिका जुळली, मुलगी पसंत पडली, साखरपुड्याचा दिवस ठरला. आणि चार दिवस आधी चिठ्ठी आली की मुलीच्या मातोश्रींच्या इंदूरच्या मुक्कामाविषयी काही ऐकण्यात आलं आहे, सबब घरातली वडील माणसं कचरतात. इंदूरच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरचा कोणी मेहुणा अमझेऱ्याचा निघाला म्हणे. जगात मेहुणे नसते तर निम्मी गुपितं गुपितंच राहिली असती. मानाजीरावांनी लोकांना सांगितलं, मुलाचं शिक्षण कमी वाटलं म्हणून आम्हीच नाही म्हटलं. राजाबाई तीन दिवस जेवल्या नाहीत. आणखी एक स्थळ असं मोडलं की मालनच्या नावावर शिक्का बसणार आणि पोरगी घरीच बसणार, हे त्यांना नीट कळलं होतं.

वर्षभरानं धारचं स्थळ आलं. प्रतापरावांचं घराणं, दरबारच्या वेळचं, मुलगा शाळेत मास्तर. माघात लग्न ठरलं. सगळं सुरळीत. आणि मग बोलणी उरकून उठताना मुलाच्या आईनं, कुसुमावतीबाईंनी, आपल्या घरची रीत सांगितली. लग्नाच्या आदल्या दिवशी दोघी विहिणींना एका पाटावर बसवून न्हाऊ घालायचं. अंगावर एकेक पातळ लुगडं, चोळी नाही. पडदा लावलेला असतो, आत बायकाच. तेल-हळद गळ्यापासून कंबरेपर्यंत सवाष्णींनी चोळायची. दोन विहिणींमध्ये काही झाकलेलं राहू नये, असा त्यातला अर्थ.

राजाबाईंनी मान डोलावली. हो, हो, चांगली रीत आहे, म्हणाल्या आणि उठल्या. न्हाणीत जाऊन कडी लावली. कापसाची पिशवी भिजणार, आणि भिजली नाही तरी लुगड्याखाली ती राहणार कुठे? वर धारच्या बायकांचे दहा-बारा हात अंगावरून फिरणार.

राजाबाईंचा मामेभाऊ संताजी मुंबईला एका दवाखान्यात कंपाउंडर होता. त्याला सुभद्रेनं पत्र घातलं. त्याचं उत्तर आलं की इथे विलायतेहून शिकून आलेला एक सर्जन आहे, तो कातडीखाली विलायती स्पंज बसवतो, वरून छाती छातीसारखी दिसते. हे पत्र राजाबाईंनी इतक्या वेळा वाचलं की घड्यांवर फाटलं.

आता पुढे जे झालं ते फक्त गोष्यातल्या घरातच होऊ शकतं. या घरच्या बायकांचं माप शिंप्यानं कधी घेतलेलं नाही. मापाला जुनी चोळी जायची, तिच्यावरून नवी यायची. मानाजीरावांना वाटलं, डॉक्टर झाला तरी माप ते मापच. त्यांनी सर्जनला सविस्तर पत्र लिहिलं: आमच्या घरी गोषा आहे, सबब मापाची चोळी सोबत पाठवीत आहे, तीवरून वस्तू तयार करून ठेवावी, मंडळी फक्त बसवून घेण्यापुरती येतील. पार्सल लाखेनं बंद करून रजिस्टरानं गेलं.

त्यात गंमत अशी, की चोळी निवडायचं काम राजाबाईंकडे होतं. ट्रंकेतून त्यांनी काढली ती लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीची, खणाची. सुभद्रेनं बघितलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाली, ही तुम्हांला अठराव्या वर्षी यायची. एका बाजूला अठरा आणि दुसऱ्या बाजूला अडतीस, असं घेऊन बसणार का पाटावर? राजाबाई म्हणाल्या, नवंच बसवायचं तर चांगलं तरी बसवावं. इतक्या दिवसांत तेवढाच एक विनोद त्यांच्या तोंडून निघाला, आणि तो सुद्धा विनोद होता की नाही, कोण जाणे.

चोळी परत आली. संताजीनं लिहिलं की साहेब आधी हसले, मग गंभीर झाले; म्हणाले, हे शिंपीकाम नाही, बाईंना घेऊन या.

कार्तिकात राजाबाई आणि सुभद्रा मुंबईला गेल्या. गावात सांगितलं, त्र्यंबकेश्वरचा नवस. सर्जन तरुण होता, मराठी बोलायचा, पण पडदा लावून तपासायला तयार नव्हता. म्हणाला, मला दिसलं पाहिजे, हाताला कळलं पाहिजे, नाहीतर आल्या वाटेनं परत जा. राजाबाईंनी डोळे मिटले आणि पदर बाजूला केला. नवऱ्यानं सुद्धा दिव्याच्या उजेडात जे कधी पाहिलं नव्हतं ते मुंबईच्या परक्या पोरानं खिडकीशी उभं करून पाहिलं. सुभद्रा सांगायची की तेव्हा जाऊबाईंचा चेहरा सती जाणाऱ्या बाईसारखा झाला होता. सुभद्रेनं सती जाणारी बाई कधी पाहिली होती हे तिला कोणी विचारलं नाही.

तपासून झाल्यावर तो समोर बसला आणि एकेक गोष्ट सांगू लागला. ईथर देऊन झोपवतील. खालच्या जुन्या वणातूनच उघडीन, म्हणजे नवीन खूण पडणार नाही. स्पंज तळहाताएवढा असतो, उकळून घेतलेला. छातीच्या घडणीचा कातरायचा आणि कातडीखाली ठेवायचा. पाच-सहा दिवस आतून पाणी येईल, त्याला रबराची नळी ठेवावी लागते. हात अंगाशी बांधलेला राहील. दहाव्या दिवशी टाके. त्यानंतर दीड महिना कळशी उचलायची नाही, वेणी स्वतः घालायची नाही. तिथल्या कातडीला स्पर्श कळणार नाही, थंडीत ती जागा गार लागेल. दुसऱ्या बाजूसारखी ती हलणारही नाही.

"आणि आधी मऊ असला तरी तो तसाच राहतो असं नाही, बाई," तो म्हणाला. "शरीर त्याच्या भोकाभोकांत शिरतं आणि आवळत जातं. कोणाचा लवकर, कोणाचा उशिरा, पण कडक होतो. कधी पू होतो, ताप येतो, तर काढून टाकावा लागतो. मी पाच बायकांना बसवला आहे. पाच वर्षांनी काय होतं ते मला पाच वर्षांनी विचारा."

राजाबाईंनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "मऊ किती दिवस राहील?"

"तीन महिने. चार, फार तर."

त्यांनी बोटांवर मोजलं. मार्गशीर्ष, पौष, माघ.

"हात लावला तर कळेल का हो?"

सर्जनला वाटलं, नवऱ्याविषयी विचारतात. त्यानं डोळे खाली घालून सांगितलं की समजूतदार माणूस असला तर हरकत येत नाही. राजाबाईंना त्याला सांगता येईना, की नवऱ्याचा हात नव्हे रे बाबा, धारच्या बारा सवाष्णींचे.

ते पंधरा दिवस कसे गेले ते सुभद्रेलाच ठाऊक. ईथरनं दोन दिवस ओकाऱ्या, छातीवर कोणी पाटा ठेवावा तसं ओझं. पण पट्टी सुटली त्या दिवशी राजाबाईंनी पदराखालून खाली पाहिलं आणि बराच वेळ पाहातच राहिल्या. डावीकडे काहीतरी होतं. उजवीशी ते जुळत नव्हतं, जरा वर आणि जरा गोल होतं, पण होतं. कापूस नव्हे, कातडीच्या आत, स्वतःचं असल्यासारखं. बोटानं दाबलं तर दबत होतं. देवासला परत आल्यावर पहिल्यांदा त्या स्वैपाकघरात वाकल्या आणि सरळ झाल्या, आणि हात छातीकडे गेला नाही.

पौषाच्या शेवटी धारहून माणूस आला. प्रतापरावांचे चुलते वारले. घरात सुतक, माघातलं लग्न आता वैशाखात.

मानाजीराव म्हणाले, चला, तयारीला वेळ मिळाला. राजाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. माघ, फाल्गुन, चैत्र, वैशाख.

माघाच्या अखेरीला स्पंज आवळू लागला. रोज अंघोळीच्या वेळी त्या दाबून बघत. फाल्गुनात पिकायला आलेल्या पेरूसारखा होता, गुढीपाडव्याला कच्च्या बेलफळासारखा झाला, आणि वर चढला. कोमट तेल लावलं, गरम पाण्याचा शेक दिला, सुभद्रेनं धरमपुरीहून नर्मदेची माती आणून तिचा लेप घातला. नर्मदामाई दगडाचा शंकर करते, पण दगडाचं मऊ करणं तिच्याही हातात नव्हतं. चैत्राच्या शेवटी जुना वण लाल झाला, संध्याकाळी कणकण येऊ लागली. संताजीनं कळवलं, साहेब म्हणतात ताबडतोब या, काढावा लागेल. राजाबाईंनी उलट कळवलं, लग्न झाल्यावर. डॉक्टरनं सांगितलेलं सगळं अक्षरशः खरं होत होतं. खोटी पडली होती ती त्यांच्या बोटांवरची मोजणी.

वैशाखात धारचं वऱ्हाड आलं, शाळेच्या इमारतीत जानवसघर दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी विहिणींचं न्हाणं व्हायचं होतं. राजाबाईंच्या अंगात ताप होता, तोंडावर पावडर होती. वऱ्हाड आलं त्याच दुपारी त्या चादरीच्या टांग्यातून जानवसघरी गेल्या, कुसुमावतीबाईंना भूगोलाच्या नकाशांच्या खोलीत बाजूला बोलावलं, दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि सगळं सांगितलं. गाठ, इंदूर, कापूस, मुंबई, स्पंज.

कुसुमावतीबाई अंगानं भरभक्कम, तोंडात तंबाखूची गोळी. ऐकताना त्यांचा जबडा हलायचा थांबला.

"दाखवा," त्या म्हणाल्या.

राजाबाईंनी दाखवलं. कुसुमावतीबाईंनी हात ठेवला, दाबला आणि काढून घेतला. इतके महिने ज्या हाताची भीती होती तो हात पडला होता, आणि राजाबाईंना तो कळलासुद्धा नाही. तिथे स्पर्श नव्हताच.

"ताप आहे तुम्हांला."

"आहे."

"रोग आहे का तो? खरं सांगा. माझ्या नातवंडांचा प्रश्न आहे."

"नाही. डॉक्टरचा कागद आहे."

"कागद राहू दे. मालनच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल?"

"म्हणेन."

कुसुमावतीबाई एका बाकावर बसल्या. बाक करकरला. मग त्या धारच्या त्यांच्या बोलीत, अर्धं हिंदी अर्धं मराठी, हिशेबानं बोलू लागल्या. "देखो विहीणबाई, मी विश्वास ठेवते. पण माझ्या दोन नणंदा आल्यात. एकीचा हात लागला तर रात पडायच्या आत धारपलीकडच्या तिरल्यापर्यंत खबर, आणि आमचे हे त्या दोघींच्या मुठीत. मंडपातून परत नेतील पोराला. तुम्ही पाटावर बसायचं नाही."

"मग काय सांगू? मी आई आहे मुलीची."

"कावळा शिवला म्हणून सांगा. आज, आत्ता. तुमच्या जागी जाऊ बसेल."

राजाबाईंना अर्थ कळायला क्षणभर लागला. बाहेर बसायचं म्हणजे तीन दिवस. न्हाणं टळेल, पण त्याबरोबर हळद, देवक, मंगलाष्टकं, कन्यादान, पाठवणी, सगळंच टळेल. लेकीच्या लग्नात आईनं मागच्या अंगणात, कोणाला न शिवता, वेगळ्या ताटलीत जेवायचं.

"दुसरं काही नाही का हो?"

"असेल तर तुम्ही सांगा," कुसुमावतीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कठोर नव्हता, आणि तेच राजाबाईंना सोसवेना.

संध्याकाळी राजाबाई मागच्या पडवीत पोत्यावर जाऊन बसल्या. मानाजीराव कपाळाला आठ्या घालून दुरून बघून गेले. खरं फक्त सुभद्रेला सांगितलं होतं. बायकांनी तोंडाला पदर लावून म्हणून घेतलं की या वयात अजून नेम चुकत नाही, आणि नेम धरला तोही नेमका लेकीच्या हळदीचा. उपाध्ये मोरोपंत चांगल्या मनाचे. ते येऊन म्हणाले, बाईसाहेब, शास्त्रात याला शांती सांगितली आहे; होम करू, सकाळी अंगावरून पाणी घ्या, आणि कन्यादानाला खुशाल बसा. सगळ्यांचे चेहरे उजळले. राजाबाईंना कन्यादानाला बसता आलं असतं, पण मग न्हाण्यालाही बसावं लागलं असतं. त्या मान खाली घालून म्हणाल्या, मला शांतीबिंती नको, जो विटाळ तो विटाळ. मोरोपंत चकित झाले. बायकांत कुजबुज झाली की अशी कशी ही आई, संधी चालून आली तरी नको म्हणते.

सकाळी पडद्याआड न्हाणं झालं. पडवीतून राजाबाईंना तांब्यांचा आवाज आला, हसणं आलं, कोणीतरी ओवी धरली ती आली. सुभद्रा पाटावर बसली होती. राजाबाईंच्या अंगात तोवर हुडहुडी भरली होती, आणि पांघरूण आणून द्यायला कोणी शिवणार नव्हतं.

लग्न लागलं. त्याच दिवशी पाठवणी, राजाबाईंच्या बाहेर बसण्याचा तो तिसरा दिवस. मालन हिरव्या शालूत पडवीच्या पायरीपाशी आली, चार हातांवर थांबली. तिला काही ठाऊक नव्हतं. पोरगी तोंडाची फटकळ, पोटात काही न राहणारी. तिला सांगणं म्हणजे कुसुमावतीबाईंच्या नणंदांना तार करणं.

तिनं दुरूनच जमिनीला डोकं टेकलं. मग उठली आणि म्हणाली, "आईसाहेब, शांती का नाही केली? मोरोपंत तयार होते. काकींनी माझा हात दिला. सगळे बघत होते."

राजाबाईंनी पोत्याचा सुटलेला दोरा आत खोचला.

"तुम्हांला यायचंच नव्हतं का?"

"सुखानं राहा," राजाबाई म्हणाल्या. "सासूबाईंचं ऐक. बाई चांगली आहे."

मालननं शालूचा पदर सावरला. मग कोणी हाक मारली तशी वळली आणि गेली.

पाचव्या दिवशी इंदूरला तो स्पंज काढला. मुंबईचा प्रवास झेपला नसता. डॉक्टर म्हणाला, आठ दिवस आणखी थांबला असतात तर आम्हांला काही करता आलं नसतं. बाहेर काढलेली वस्तू त्यानं ताटलीत दाखवली. पिवळट, सुपारीसारखी टणक, चोळीच्या मापाची कुठूनही नाही. राजाबाईंनी एवढंच विचारलं की हात वर कधी होईल, कारण मांडवपरतणीला मालन येणार होती आणि तिची वेणी घालायची होती.

मालन आली. दोन दिवस राहिली. वेणी काकींकडून घालून घेतली.